पेपरात आमच्या वस्तीचं नाव आलंय का?

२००९ सालचा ऑगस्ट महिना पुणेकर लवकर विसरणार नाहीत. ३ ऑगस्टला पुण्यात चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूने दगावली. या रोगाचा भारतातला तो पहिला मृत्यू. दुसऱ्या दिवसापासून शहराचा नूरच पालटला. आम्ही त्या वेळी शनिवार पेठेतल्या एका खासगी कचेरीत कारकुनी करीत होतो. नव्या पुलाजवळ बसमधून उतरून पेठेत शिरावे तर निम्मी माणसे तोंडाला रुमाल बांधून चाललेली. औषधांच्या दुकानांपुढे गर्दी आणि आत 'मास्क संपले' अशी हाताने लिहिलेली पाटी. (दुचाकीवरून जाणाऱ्या मुली तेवढ्या नेहमीसारख्या दिसत. पुण्याच्या मुलींना तोंड बांधायला स्वाइन फ्लूने शिकवावे लागले नाही.) शाळा-कॉलेजे बंद झाली, सिनेमागृहे आणि मॉल बंद झाले. गणपती तोंडावर आले होते आणि यंदा देखावे होणार की नाहीत यावर चहाच्या टपरीवर वाद चालत. नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी लागलेली रांग पेपरात छापून येई आणि ती पाहून दुसऱ्या दिवशी आणखी माणसे त्या रांगेत जाऊन उभी राहत.

कचेरीत तीन वर्तमानपत्रे येत. साहेबांच्या टेबलावर जाण्याआधी ती आमच्या हातात पडत. मथळे ठरलेले. 'आणखी दोन बळी', 'आणखी चार बळी'. बळी हा शब्द आम्हाला तेव्हाही खटकत होता. बळी म्हटला की तो देणाराही कोणी असतो, आणि त्याचे नाव काही छापून येत नव्हते. संध्याकाळी घरी जावे तर टीव्हीच्या पडद्याच्या कोपऱ्यात तोच आकडा, लाल रंगात. जेवताना आकडा, झोपताना आकडा.

कचेरीत झाडलोट करायला एक मावशी येत. नदीपलीकडच्या वस्तीत राहणाऱ्या, आपल्याच समाजाच्या. सकाळी आठला येऊन झाडून-पुसून, पिण्याचे पाणी भरून ठेवीत आणि मग पेठेतल्या तीन घरची धुणीभांडी करीत. पहिल्या मृत्यूनंतर तीन-चार दिवसांनी साहेबांनी त्यांना दारातच थांबवले. "मावशी, तुमच्या वस्तीत फार दाटी असते. हे सगळं निवळेपर्यंत येऊ नका." पगाराचे काय, हे साहेबांनी सांगितले नाही आणि मावशींनी विचारले नाही. आम्ही टेबलावरून ऐकत होतो. आम्हीही काही बोललो नाही. नोकरी नवी होती, हे कारण आज सांगताना लाज वाटते, पण कारण तेच होते. त्याच दिवशी तीन घरांपैकी दोन घरांनीही त्यांना तेच सांगितले.

जाताना मावशी आमच्या टेबलाशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "दादा, पेपरात आमच्या वस्तीचं नाव आलंय का?"

आम्ही तिन्ही पेपर उघडून पाहिले. नव्हते.

"नाही मावशी."

"मग?" एवढेच म्हणून त्या पायऱ्या उतरून गेल्या.

त्या 'मग'चे उत्तर तेव्हा आम्हाला देता आले नाही. पुढे जेव्हा जेव्हा नव्या तापाची बातमी आली तेव्हा तो प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. बातमीत आपण नसताना बातमीची किंमत मात्र आपण का मोजतो, हा तो प्रश्न आहे.

आधी एक साधी गोष्ट. हा रोग वस्तीत जन्मला नव्हता. भारतात त्याचा पहिला रुग्ण १६ मे २००९ रोजी हैदराबादला सापडला, तो विमानाने अमेरिकेहून आलेला प्रवासी. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण असेच परदेशाहून आलेले किंवा त्यांच्या सहवासातले. ही माहिती त्याच पेपरांत छापलेली होती. तरी संशय गेला तो झाडू मारणाऱ्या बाईवर. साहेबांचे पुतणे त्याच महिन्यात गणपतीसाठी परदेशाहून आले होते. त्यांना कोणी दारात थांबवल्याचे आम्हाला आठवत नाही.

रोगाच्या नावानेही घोळ घातला. नाव डुकराचे, म्हणून डुकरे जिथे फिरतात तिथे रोग, असा सरळ हिशेब लोकांनी मांडला. वास्तविक एकदा माणसात शिरल्यावर हा विषाणू माणसाकडून माणसाकडे जात होता, खोकल्या-शिंकांतून. नीट शिजवलेल्या मांसाने तो होत नाही हे जागतिक आरोग्य संघटना सांगत होती. त्याआधी फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला तेव्हाही असेच झाले होते. राज्यभर लोकांनी कोंबडी आणि अंडी खाणे सोडले. त्या साथीत देशात एकाही माणसाला लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही. पोल्ट्रीवर राबणारे मजूर आणि कोंबडी विकणारे छोटे दुकानदार मात्र घरी बसले.

आता आकड्यांकडे वळू. आम्ही वाणिज्य शाखेचे. आकडा दिसला की तो कशातून वजा करायचा आणि कशाने भागायचा, हे विचारल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. जमाखर्च लिहिताना नोंद दुहेरी करावी लागते. एका खात्याला नावे टाकले तर दुसऱ्या खात्याला जमा दाखवावे लागते. बातमीचे खाते मात्र एकेरी नोंदीचे असते. त्यात 'आजपर्यंत एकूण' रुग्ण रोज वाढतात. बरे होऊन घरी गेलेला त्यातून कधी वजा होत नाही. त्यामुळे साथ ओसरू लागली तरी पडद्यावरचा आकडा वाढतच असतो.

केंद्र सरकारच्या नोंदींप्रमाणे २००९ साली देशात स्वाइन फ्लूचे २७,२३६ रुग्ण सिद्ध झाले आणि ९८१ माणसे गेली. भागाकार केला तर शंभरात साडेतीनपेक्षा थोडी जास्त येतात. आकडा भीतीदायक आहे. पण हे २७,२३६ कोण? ज्यांच्या घशातला नमुना प्रयोगशाळेत गेला ते. पुण्यातला तो पाषाणच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत जाई. ज्यांना चार दिवस ताप आला, घरी पेज पिऊन पडून राहिले आणि बरे झाले, ते या आकड्यात कुठेच नाहीत. ते धरले तर भागाकाराचे उत्तर कितीतरी खाली येते. म्हणून शेकडा प्रमाण वाचले की आधी 'कोणात शेकडा?' असे विचारावे. तपासलेल्यांत, दवाखान्यात भरती झालेल्यांत, की सगळ्या आजारी माणसांत? तिन्हींची उत्तरे वेगवेगळी येतात.

दुसरी तुलना आम्ही त्याच वेळी एका कागदावर केली होती. आपल्या देशात क्षयरोगाने दरवर्षी तीन लाखांच्या आसपास माणसे मरतात. तेव्हाही मरत होती, आजही थोड्याफार फरकाने तेवढीच मरतात. दिवसाला आठशेच्या वर. म्हणजे ज्या ९८१ मृत्यूंनी अख्खे २००९ साल गाजले, तेवढी माणसे क्षयाने सव्वा दिवसात जात होती. त्यांच्यासाठी कोणत्याही पडद्याच्या कोपऱ्यात लाल आकडा लागला नाही. क्षय जुना, आणि तो होतो कुणाला हेही सगळ्यांना ठाऊक.

हा कागद आमच्यापाशी राहिला असता तर ती नुसती आकडेमोड ठरली असती. पण मावशींच्या घरीच त्याचा प्रत्यय आला. मावशींचे मालक हमाली करीत. त्यांना खोकला होता. वस्तीत कोणी खोकले की चार डोळे वळत, असे ते दिवस. शेजाऱ्यांनी भंडावून सोडले, 'याला स्वाइन फ्लू आहे, तपासून आणा.' मावशींना काम नव्हतेच. त्या नवऱ्याला घेऊन महापालिकेच्या दवाखान्यात रांगेत उभ्या राहिल्या. चार तासांनी नंबर लागला. तिथल्या तरुण डॉक्टर बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "खोकला किती दिवसांपासून?" मालक म्हणाले, "अडीच महिने झाले असतील." डॉक्टर बाईंनी घशाचा नमुना घेतलाच नाही. थुंकी तपासायला पाठवली. क्षय निघाला.

अडीच महिने तो माणूस खोकत होता. खोकत पोती उचलत होता. शेजाऱ्यांना, मावशींना, वस्तीत समाजकार्य म्हणून जाणाऱ्या आम्हालाही तो खोकला ऐकू येत होता. पण तो बातमीतला नव्हता, म्हणून तो आजार वाटला नाही. आणि हेही खरे की बातमीची भीती नसती तर मालक त्या रांगेत गेलेच नसते. त्यांनी डॉट्सच्या गोळ्या सहा महिने नेमाने घेतल्या आणि बरे झाले. म्हणून आम्ही बातमीला सरसकट दोष देत नाही. तिच्यामुळे लोक दवाखान्यापर्यंत गेले, सरकारी औषध लोकांपर्यंत पोचले.

उलट बाजूही पाहा. २००९ च्या गदारोळानंतर पेपर दुसऱ्या विषयांकडे वळले. १० ऑगस्ट २०१० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक साथ संपल्याचे जाहीर केले. पण त्याच २०१० साली देशात स्वाइन फ्लूने १,७६३ माणसे गेली, गाजलेल्या सालापेक्षा पावणेदोन पटींहून जास्त. पुढे २०१५ साली ४२ हजारांवर रुग्ण आणि जवळजवळ तीन हजार मृत्यू झाले. बातमी मोठी होती तेव्हा रोग लहान होता आणि रोग मोठा झाला तेव्हा बातमी आतल्या पानावर गेली. मास्क तर केव्हाच खुंटीला लागले होते.

फ्लू सर्वांना सारखा होतो, त्याला जात नाही, असे म्हणतात. विषाणूपुरते ते बरोबर आहे. पण १९१८ सालचा मुंबईचा हिशेब पाहा. पहिले महायुद्ध संपत आलेले. जून महिन्यात मुंबई बंदरात फ्लू उतरला आणि पावसाळा सरता सरता त्याने दुसऱ्यांदा उचल खाल्ली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी पाऊस नीट झाला नव्हता, धान्य महागले होते. देशभरात त्या साथीने सव्वा कोटीच्या पुढे माणसे नेली. मुंबईत त्या वेळी मृत्यूंची नोंद जाती-धर्मवार होत असे. साथीतले दर हजारी मृत्यू युरोपियनांत ८.३, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९, मुसलमानांत १९.२. आणि 'खालच्या जातीचे हिंदू' या रकान्यात ६१.६.

वाचकहो, हा शेवटचा आकडा पुन्हा वाचा. एकच शहर, एकच विषाणू, एकच महिना. आमच्या आज्या-पणज्यांच्या पिढीत हजारी एकसष्ट. शेजारच्या बंगल्यात आठ. हा फरक विषाणूने केला नाही. एका खोलीत दहा माणसे, तळमजल्याची ओल, ताप अंगात असताना गोदीवर आणि गिरणीत जावे लागणे, आजाऱ्याच्या तोंडात पेज घालायला घरात धडधाकट माणूस शिल्लक नसणे, यांनी केला. बळी देणारा कोण, या आमच्या प्रश्नाचे उत्तर त्या रकान्यात आहे. त्याच साली नोव्हेंबर महिन्यात बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. पुढच्या जानेवारीत साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वासाठी साक्ष दिली. आमच्या लोकांचे प्रश्न आमच्याच माणसांनी मांडले पाहिजेत, असे त्यांनी तिथे बजावले तेव्हा मुंबईच्या चाळींतली ती प्रेते फार जुनी झाली नव्हती.

पुण्याचा प्लेगही असाच. शाळेच्या पुस्तकात आम्ही १८९७ चा प्लेग वाचला तो रँडसाहेब, घरझडतीचे सोजीर आणि चाफेकर बंधू यांचा. त्या वेळच्या वर्तमानपत्रांत गाजला तोही तोच. पेठेतल्या घरांत बूट घालून सोजीर शिरले, हा अपमान खरा होता. पण त्याच दिवसांत सावित्रीबाई आणि डॉक्टर यशवंत यांनी हडपसरला ससाणे मळ्यात दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातले प्लेग झालेले पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणले. ते पोर वाचले. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ही हकीकत आपल्या घराघरात पोचायला कितीतरी वर्षे जावी लागली.

इथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे बातमी खोटी, घाबरण्यासारखे काही नसते. नेमके हेच आम्ही एकदा बोललो होतो. ८ मार्च २०२०, रविवार. आमच्या विहारात महिला दिन आणि सावित्रीबाईंचा स्मृतिदिन यांचा एकत्र कार्यक्रम होता. कोरोनाच्या बातम्या येत होत्या. माइक हातात घेऊन आम्ही २००९ चे आकडे सांगितले, क्षयाची तुलना सांगितली आणि वर म्हणालो, "हेही आठ-पंधरा दिवसांत थंड होईल. टीव्ही बंद करा आणि कामाला लागा." टाळ्या पडल्या. दुसऱ्याच दिवशी पुण्यात पहिले दोन रुग्ण सापडले. २५ मार्चपासून देश बंद झाला. त्या वर्षीची १४ एप्रिल आपण सर्वांनी घराच्या उंबऱ्याआत साजरी केली. त्या रविवारी समोर बसलेल्यांपैकी दोघे जण २०२१ च्या उन्हाळ्यात गेले. आमच्या बोलण्यामुळे ते गेले असे कोणी म्हणत नाही. तरी माइक हातात घेताना ते दोन चेहरे आम्हाला दिसतात.

चूक कुठे झाली, यावर आम्ही पुष्कळ विचार केला. २००९ चे आकडे बरोबर होते, पण ते २००९ चे होते. एका रोगाचा हिशेब आम्ही दुसऱ्या रोगाला लावला. नवा विषाणू म्हणजे त्याच्याविषयी अंगात प्रतिकार नाही आणि हातात माहिती नाही. अशा वेळी पहिले काही आठवडे सावध राहणे हेच शहाणपणाचे. आम्ही सावधपणाला भित्रेपणा समजलो.

तथागतांकडे केसपुत्तचे कालाम लोक गेले तेव्हा त्यांचे गाऱ्हाणे काय होते? गावात उपदेशक येतात, प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो आणि दुसऱ्याचे खोडून काढतो. आम्ही विश्वास कुणावर ठेवावा? आज बटण दाबावे तसे उपदेशक बदलतात, गाऱ्हाणे तेच आहे. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, सांगणारा आपला गुरू आहे म्हणून स्वीकारू नका, स्वतः तपासा आणि त्याने हित होते की अहित ते पाहा, असे तथागतांनी त्यांना सांगितले. टीव्हीवरचा निवेदक त्यात येतो. विहारातला माइकवरचा कार्यकर्ताही येतो. ८ मार्चला टाळ्या वाजवण्याआधी आम्हाला कोणीतरी विचारायला हवे होते, "दादा, हे तुम्हाला कुठून कळले?"

'नवा' हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. मार्च २०२३ मध्ये एच३एन२ फ्लूचे मथळे झळकले. हा प्रकार १९६८ पासून माणसांत फिरतो आहे. जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्ही म्हणून चीनमधला 'नवा' विषाणू आला. तो शास्त्रज्ञांनी ओळखला २००१ साली, आणि त्याही आधीपासून तो जगभर लहान मुलांना सर्दी-खोकला करीत होता. २००९ चा स्वाइन फ्लूही आता दरवर्षीच्या फ्लूंपैकीच एक झाला आहे. जुना विषाणू म्हणजे निरुपद्रवी असे नव्हे. पण त्याच्यावर काय करायचे हे डॉक्टरांना ठाऊक असते, आणि भीती कमी व्हायला तेवढे पुरेसे आहे.

घरात ताप आला तर काय पाहावे, हे २००९ च्या ऑगस्टमध्येच सरकारने तीन गट पाडून सांगितले होते. ते आजही फ्लूला लागू पडते आणि कोणत्याही मथळ्यापेक्षा जास्त कामाचे आहे. साधा ताप, घसादुखी, अंगदुखी असेल तर तपासणीच्या मागे धावू नये. घरी आराम, भरपूर पाणी, पेज, आणि दोन दिवसांनी पुन्हा डॉक्टरांना दाखवणे. गरोदर बाई, तान्हे मूल, पासष्टीच्या पुढचे माणूस, दमा, मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले माणूस तापले तर वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. फ्लूवरचे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर चांगला गुण देते. आणि धाप लागणे, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त येणे, नखे-ओठ निळे पडणे, माणूस गुंगीत जाणे, मुलाने दूध-पाणी टाकणे, यांपैकी काही दिसले तर रात्र आहे, पैसे नाहीत, सकाळी पाहू, असे म्हणू नये. सरळ मोठे सरकारी रुग्णालय. गरोदर माता आणि मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण यांच्यासाठी राज्य शासनाने २०१५ पासून ही लस मोफत ठेवली होती. जवळच्या सरकारी दवाखान्यात तिची चौकशी जरूर करावी. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला खोकला बातमीत असो वा नसो, थुंकी तपासून घ्यावी. मावशींच्या मालकांचे अडीच महिने लक्षात ठेवा.

राहता राहिला रोजगार. ताप आलेल्या माणसाने घरी पडावे हे सांगणे सोपे, पण रोजंदारीवाल्याला दोन दिवस पडणे म्हणजे दोन दिवसांची चूल. यावर आमच्याकडे जादूची कांडी नाही. कोरोनानंतर विहारात आम्ही एक नोंदवही ठेवली आहे. वस्तीत एकटे कोण राहते, गरोदर कोण आहे, रक्तदाबाच्या गोळ्या कोणाला चालू आहेत, कोणाच्या घरात एकाच माणसाची कमाई आहे, एवढेच त्यात असते. घरात कोणी आजारी पडले तर शेजारच्या दोन घरांनी डबा द्यायचा असे ठरले आहे. कधी दिला जातो, कधी राहून जातो. आणि कामावरून कोणाला 'निवळेपर्यंत येऊ नका' असे सांगितले गेले तर आता आम्ही दोघे-तिघे जाऊन भेटतो, पगाराचा विषय काढतो. दर वेळी यश येते असे नाही. २००९ साली आम्ही टेबलावरून उठलो नव्हतो, तेवढे आता उठतो.

मावशी आता साठीच्या पुढे गेल्या आहेत. २०२५ च्या जानेवारीत एचएमपीव्हीच्या बातम्यांनी जोर धरला होता, तेव्हा त्यांचा फोन आला. भाच्याने मोबाइलवर चीनच्या दवाखान्याची चित्रफीत दाखवली होती. आम्ही वर लिहिले तेच त्यांना सांगितले आणि विचारले, "मावशी, घरात कोणी आजारी आहे का?" तर म्हणाल्या, "खोकला नाय कुणाला. पण चार दिवस झाले, नळाला वास मारतोय. गल्लीतली दोन पोरं जुलाबानं लोळतायत."

दुसऱ्या दिवशी आम्ही वस्तीत गेलो. पाणी बाटलीत भरून उजेडात धरले, गढूळ होते. सर्वांना उकळून प्यायला सांगितले, पोरांना दवाखान्यात नेले आणि कट्ट्यावर बसून अर्ज लिहिला. सत्तेचाळीस सह्या झाल्या, त्यांत नऊ अंगठे. १३ जानेवारीला तो संबंधित कार्यालयात नेऊन दिला. कोणते कार्यालय ते इथे लिहीत नाही, कारण काम अजून त्यांच्याकडूनच करून घ्यायचे आहे. त्याच महिन्याच्या अखेरीस पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गुइलेन-बॅरे नावाच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक निघू लागले. हातापायांतले बळ जाई, काहींना कृत्रिम श्वासावर ठेवावे लागले. रुग्णांच्या नमुन्यांत पोटाचे विकार करणारा जंतू सापडला आणि संशय दूषित पाण्यावर गेला. मग मात्र पाण्याची बातमी पहिल्या पानावर आली. चीनची चित्रफीत तोवर मोबाइलवरून नाहीशी झाली होती.

त्या दिवसांत मावशींनी पुन्हा फोन करून तोच जुना प्रश्न विचारला. "दादा, पेपरात आमच्या वस्तीचं नाव आलंय का?"

"पेपरात नाही मावशी. पण कचेरीच्या आवक रजिस्टरात आलंय."

त्यांनी नातीला कागद-पेन आणायला सांगितले आणि अर्जाचा आवक क्रमांक उतरवून घेतला.